नवऱ्याच्या पाठोपाठ मुंबई बेटावर

मैत्रिणींनो, मुंबई हे एके काळी बेट होतं, ही गोष्ट आपण शाळेत घोकतो आणि पेपर लिहून झाला की विसरतो. आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या बायकांना तर ती आठवायचं कारणच उरलेलं नाही. शहापूरची बाई आसनगावला लोकलमध्ये बसते ती थेट मुंबईत उतरते. मुरबाडची एस.टी.ने कल्याणला येते आणि तिथून गाडी धरते. वाटेत खाडी कुठे लागली, हे खिडकीची जागा मिळाली तरच कळायचं. उलट मुंबईच्या नळाला येणारं पाणी आमच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाचं! इतकी आता मुंबई आमच्या अंगणाला चिकटलेली.

पण दोनशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम आणि कुलाब्याची दोन अशी सात बेटं भराव घालून हळूहळू जोडली जात होती. तिच्या उत्तरेला साष्टीचं मोठं बेट. आपलं ठाणे शहर या साष्टीवरच वसलेलं. १८०३ मध्ये शीवचा बांध झाला आणि मुंबईहून साष्टीवर पायी जाता येऊ लागलं. माहीमच्या खाडीत मात्र होड्या चालत आणि उलटतही. तिथला रस्ता जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःचा पैसा घालून १८४५ मध्ये बांधून घेतला. ठाण्याची खाडी ओलांडली की पलीकडे खरी जमीन सुरू व्हायची. तिथून एक वाट शहापूर, खर्डी करत कसाऱ्याच्या घाटाने नाशिकला चढायची, दुसरी मुरबाडवरून माळशेज नाहीतर नाणेघाटाने जुन्नरकडे.

या बेटावर १८१३ साली अमेरिकेतून एक जोडपं येऊन उतरलं. ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायला आलेलं. त्यांच्या मागून आणखी जोडपी आली, त्यांतूनच पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. या मिशनचा इतिहास छापलेला आहे, त्यात पुरुषांची नावं ठळक आहेत. मिशनरी म्हटलं की आपल्याही डोळ्यांपुढे काळा कोट घातलेला, हातात पुस्तक घेतलेला साहेबच उभा राहतो. त्याच्या मागे ट्रंका आवरणारी, कडेवर मूल घेतलेली, बोटीवर ओकून ओकून अर्धी झालेली बाई कुणाच्या नजरेत भरत नाही. मंडळाच्या कागदोपत्री तर या बायकांची नोंद ‘सहायक’ म्हणून. आज मी तुम्हाला या सहायकांबद्दल सांगणार आहे.

सुरुवात करायची ती एका लगीनघाईपासून.

फेब्रुवारी १८१२. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम बंदरात पाच तरुणांना परदेशी मिशनरी म्हणून दीक्षा द्यायची होती. तारीख ठरली ६ फेब्रुवारी. त्यांतल्या तिघांनी त्याच आठवड्यात लग्न उरकून घेतलं. अडोनिरॅम जडसनने ५ तारखेला ॲन हॅसेल्टाइनशी, सॅम्युअल नॉटने ८ तारखेला रोक्साना पेकशी आणि सॅम्युअल न्यूएलने ९ तारखेला हॅरिएट ॲटवुडशी. हॅरिएट अठरा वर्षांची होती. तिचे वडील चार वर्षांपूर्वी वारलेले, आई एकटी. लग्नाला पंधरा दिवस झाले नाहीत तोच, १९ फेब्रुवारीला, ॲन आणि हॅरिएट नवऱ्यांसह ‘कॅरव्हान’ नावाच्या मालवाहू जहाजावर चढल्या. रोक्साना आणि तिचा नवरा त्याच महिन्यात फिलाडेल्फियाहून दुसऱ्या जहाजाने निघाले. त्यांच्याबरोबर गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस हे दोघे अविवाहित.

आपल्याकडे मुलगी सासरी जाते तेव्हा आईचा जीव तुटतो, पण दिवाळसण असतो, पहिलं बाळंतपण असतं, निदान पत्र तरी येतं. या मुलींना माहेर परत दिसणार नव्हतं, आणि हे आधी उघडपणे सांगितलेलं होतं. जडसनने ॲनच्या वडिलांना मागणीचं पत्र लिहिलं, तेव्हा त्यात गोडगोड काही नव्हतं. मुलगी या जन्मी पुन्हा दिसणार नाही, समुद्राचे धोके आहेत, हिंदुस्थानची हवा आहे, हालअपेष्टा आहेत, कदाचित अपघाती मरणही आहे, हे सगळं ठाऊक असून तुम्ही मुलगी द्याल का, असं त्याने विचारलं होतं. वडिलांनी निर्णय लेकीवर सोडला. लेकीने होकार दिला.

तुम्ही म्हणाल, शिकल्या-सवरलेल्या मुली, स्वतःच्या मनाने गेल्या, मग रडायचं कशाला? बरोबर आहे. ॲन आणि हॅरिएट दोघी ब्रॅडफर्डच्या शाळेत शिकलेल्या होत्या. त्या काळी आपल्याकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलीला कुणी काही विचारत नव्हतं. पण मला त्यात एक मेख दिसते. या मुलींच्या मनात जगासाठी काही करण्याची हौस होती, आणि बाईला तिथवर न्यायला त्या वेळी एकच दार उघडं होतं. ते म्हणजे मिशनऱ्याची बायको होणं. दीक्षा नवऱ्याला मिळायची, जहाजात जागा दोघांना.

चार महिने समुद्रावर. जहाजावर हिंडायला जागा नाही, सारखं बसून अंग आंबून जायचं. मग या चौघांनी उपाय काढला, दोरीवरच्या उड्या! धर्मप्रचाराला निघालेल्या गंभीर माणसांनी डेकवर उड्या मारलेल्या डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती किती लहान होती ते कळेल. १७ जून १८१२ ला जहाज कलकत्त्याला पोचलं. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीसाहेबांनी पाहुणचार केला. पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्माच्या कारणाने लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही धास्ती. त्यातच त्याच जूनमध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं आणि ही मंडळी शत्रूराष्ट्राची ठरली. हुकूम सुटला, चालते व्हा.

न्यूएल पतिपत्नी ४ ऑगस्टला मॉरिशस बेटाकडे निघाले. जहाजात दोघांपुरतीच जागा मिळाली होती. हॅरिएटला सातवा महिना लागला असावा. वादळं झाली, जहाज गळू लागलं, मध्येच आंध्रच्या किनाऱ्याला लागून पुन्हा निघालं. ऑक्टोबरात भर समुद्रात ती बाळंत झाली. जवळ सुईण नाही, आई नाही, शेजारीण नाही, एकटा नवरा. मुलगी झाली. पावसापाण्याच्या थंडीत पोरीला गारठा बाधला आणि पाचव्या दिवशी ती गेली. आईला क्षयाने गाठलं. ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसच्या पोर्ट लुई गावात हॅरिएट वारली. एकोणीस पुरी होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

तिच्या रोजनिशीचं आणि पत्रांचं पुस्तक पुढे अमेरिकेत निघालं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या, लोकांनी आपल्या मुलींची नावं हॅरिएट न्यूएल ठेवली. तिला हुतात्मा म्हणाले. मला विचाराल तर बाळंतपणाला माहेरची माणसं नसलेली ती एक पोरसवदा मुलगी होती. ज्या कामासाठी निघाली होती, ते काम करायला तिला एक दिवसही मिळाला नाही.

जडसन पतिपत्नीची वाट निराळी. ती दोघं बॅप्टिस्ट पंथाला मिळाली, पेनांग बेटावर जाऊ म्हणता म्हणता १८१३ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोचली. तिथे पुढे युद्धात जडसन कैदेत पडला, आणि ॲनने तान्ह्या मुलीला घेऊन तुरुंगाच्या दाराशी खेटे घालत त्याला जगवलं. तो सुटला, ती १८२६ मध्ये गेली. ही कथा मोठी आहे, तिला वेगळा लेख हवा.

आता रोक्साना. आपल्या मुंबईची ही पहिली मिशनरीण. ११ फेब्रुवारी १८१३ ला नॉट पतिपत्नी आणि गॉर्डन हॉल मुंबई बेटावर उतरले. कलकत्त्याहून हुकूम आधीच येऊन पडलेला होता, यांना मिळेल त्या जहाजाने इंग्लंडला पाठवून द्या. गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचा. त्याने चालढकल केली, पण वरचा हुकूम तो किती दिवस दाबणार? महिन्यांमागून महिने असे गेले की आज सामान बांधायचं की उद्या, हेच कळेना. परक्या गावात भाड्याच्या घरात, आज ना उद्या हाकलणार म्हणून, मीठ-पीठ तरी किती भरून ठेवायचं? संसार करणाऱ्या बाईला या प्रश्नाचं वजन कळेल. त्यातच रोक्सानाला मूल झालेलं.

नोव्हेंबरात नॉट आणि हॉल यांनी ठरवलं, गुपचूप निसटायचं. कोचीनमार्गे सिलोनला जायचं, तिथलं सरकार मिशनऱ्यांना आसरा देत होतं. दोघं पुरुष एका गलबतातून रात्री निघून गेले. रोक्साना आणि तिचं तान्हं मूल मुंबईतच राहिलं.

हे वाक्य मिशनच्या इतिहासात एका ओळीत येऊन जातं. आपण जरा थांबू या. नवरा सरकारचा हुकूम मोडून पळालेला. ही शत्रूराष्ट्रातली. भाषा नीट येत नाही. घरी चौकशी आली की दार हिनेच उघडायचं आणि उत्तर हिनेच द्यायचं. नवरा पोचला, की बुडाला, की पकडला गेला, हे कळायला मार्ग नाही. त्या दिवसांत तिला काय वाटलं, हे विचारायला कुणी गेलं नाही. पत्नी म्हणजे मागे ठेवता येण्याजोगी वस्तू, असं त्या भल्या माणसांच्या मनातही आलं नसेल. पण वागणं तसंच झालं, असं मी स्पष्ट म्हणेन.

दोघांना कोचीनलाच अडवून मुंबईला परत आणलं. मग हॉलने गव्हर्नरला एक कळकळीचं पत्र लिहिलं, खटपटी झाल्या. दरम्यान जुलै १८१३ मध्येच इंग्लंडच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना हिंदुस्थानात यायला वाट मोकळी केली होती. १८१४ मध्ये राहायची परवानगी पक्की झाली. पत्नी गमावलेला न्यूएल सिलोनहून येऊन त्यांना मिळाला. पण नॉटची प्रकृती खालावत गेली आणि १८१५ मध्ये नॉट कुटुंब मुंबई सोडून गेलं. अडीच वर्षांचा संसार, त्यातलं बहुतेक टांगणीला. रोक्साना मात्र दणकट निघाली. ती १८७६ पर्यंत जगली, नवऱ्याच्याही मागे सात वर्षं.

फेब्रुवारी १८१८ मध्ये नवीन माणसं आली. ॲलन आणि मेरी ग्रेव्ह्ज माहीमला राहिले. जॉन आणि एलिझाबेथ निकोल्स ठाण्याला, म्हणजे साष्टी बेटावर. ठाणे जिल्ह्यातलं हे पहिलं अमेरिकन घर. त्याच जहाजाने फिलोमेला थर्स्टन नावाची मुलगी आली, तिचं लग्न इथे न्यूएलशी झालं.

त्या काळच्या ठाण्यात गोऱ्या बाईने घर मांडायचं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याला करता येईल. खाडीची दमट हवा, डास, चार महिने कोंडून घालणारा पाऊस, ओला सरपण. बाजारात गेलं की मराठी बोलावंच लागे. या मिशनने सुरुवातीपासून एक गोष्ट चांगली केली, कामाची भाषा मराठी ठेवली. शाळा काढल्या त्या मराठी. शिक्षक म्हणून इथलेच पंतोजी ठेवले, ब्राह्मण होते तसे बेने इस्राएलही. आपले शनवार तेली! त्यांची मुलं या शाळांत पुष्कळ असत. मुंबईत छापखाना घातला, १८१७ पासून मराठी पुस्तकं छापली. शाळा भरल्या, पण ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते धर्मांतर काही होईना. पहिल्या दहा-बारा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आपल्या लोकांनी पुस्तकं घेतली, मुलं शिकवून घेतली, आणि देव आपलेच ठेवले. मला तर याची गंमतच वाटते. हे लोक आपल्या देवळांबद्दल घरी काय काय लिहून कळवत, ते वाचलं तर आजही राग येतो. वर्गणी मिळवायची तर समोरचा अंधारात आहे असं दाखवावंच लागतं.

पण मरण कुणाचा धर्म विचारत नव्हतं. १८१७ मध्ये बंगालात पटकी उसळली आणि पुढच्या वर्षी ती आपल्याकडे आली. गावोगाव जरीमरीची ठाणी आहेत, ती या रोगाच्या भयाची आठवण. १८२१ च्या मे महिन्यात न्यूएल पटकीने गेला. फिलोमेला तीन वर्षांच्या संसारानंतर विधवा. तिने मिशनच्या छापखान्याचा मुद्रक जेम्स गॅरेट याच्याशी लग्न केलं. दहा वर्षांनी तोही गेला. ठाण्याचा निकोल्स १८२४ च्या डिसेंबरात वारला. साष्टीवरचं ते घर सात वर्षांच्या आतच मिटलं.

आणि गॉर्डन हॉल. अविवाहित आला होता, १८१६ मध्ये मुंबईत मार्गारेट लुइस या इंग्रज बाईशी त्याने लग्न केलं. मुलं जगेनात. उरलेल्या दोन मुलग्यांची प्रकृतीही ढासळू लागली, तेव्हा १८२५ मध्ये मार्गारेट त्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. नवऱ्याचं कधीही न पाहिलेलं माहेर तिला मुलांसाठी गाठायचं होतं. नवरा बरोबर गेला नाही, काम अर्धवट टाकवेना. वाटेत समुद्रावरच एक मुलगा दगावला. दुसऱ्याला घेऊन ती उतरली.

इकडे १८२६ च्या मार्चमध्ये हॉल सह्याद्री चढून नाशिककडे दौऱ्यावर गेला. नाशकात पटकीचा कहर चाललेला. जवळची औषधं त्याने आजाऱ्यांना वाटून टाकली. परत फिरला, पण वाटेत एका खेड्यात, देवळाच्या ओसरीवर मुक्कामाला असताना पहाटे त्यालाच पटकी लागली. बरोबर दोन मुलं होती, औषध जवळजवळ संपलेलं. काही तासांत खेळ आटोपला. २० मार्च १८२६. वय एक्केचाळीस. ज्या मूर्तिपूजेविरुद्ध तो तेरा वर्षं बोलला, तिच्याच दाराशी त्याला शेवटचा आसरा मिळाला आणि त्या गावाने मातीही दिली. मार्गारेटला ही बातमी कळायला किती महिने लागले असतील, विचार करा. तोवर ती मुलाला सांगत असेल, बाबा येतील.

इथे मला राहवत नाही म्हणून एक घरगुती गोष्ट सांगते. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाब लागलेल्या माणसाला हे घोटघोट पाजत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. मीठ जास्त पडू देऊ नका. हॉलच्या औषधाच्या पेटीत हे सोडून सगळं असेल.

तर असे पुरुष एकेक करून गेले. मग राहिलं काय?

१८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांच्या बायकांनी ही शाळा चालवली, वाढवली. बाई शिकली तर विधवा होते, अशी समजूत असलेल्या गावात! मुली यायच्या, लग्न ठरलं की बंद व्हायच्या, पुन्हा नवीन गोळा करायच्या. शिकवायला बाई मिळेना, कारण शिकलेली बाईच नव्हती. पंतोजी ठेवायचे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. बायकांच्या अंगी घर, आजारपण, बाळंतपण; शाळेला किती वेळ पुरणार? शेवटी मंडळाने ठरवलं, फक्त मुलींच्या शाळांसाठी एक बाई पाठवायची. कुणाची बायको म्हणून नव्हे. १८२७ च्या डिसेंबरअखेर सिंथिया फरार मुंबईला उतरली. वय बत्तीस, अविवाहित. अमेरिकेतून आशियात आलेल्या अगदी पहिल्या अविवाहित शिक्षिकांपैकी ती एक. पंधरा वर्षांत किती बदल झाला पाहा. हॅरिएटला येण्यासाठी आधी लग्न करावं लागलं होतं.

फरारबाई आधी मुंबईत होती आणि १८३९ पासून नगरला. म्हणजे अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. मिशनने तिथे १८३१ मध्ये ठाणं घातलं होतं. आज मुरबाडवरून माळशेज घाट चढून जाणारी कल्याण-नगर एस.टी. आपल्याला तिथे नेऊन सोडते. नगरची फरारबाईची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली. आपल्याकडे अशी शाळा हवी, हे तिथे त्यांच्या मनाने घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी ती काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण फरारबाईंकडेही घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. फुले काही ख्रिस्ती झाले नाहीत. शाळा उचलली, धर्म तिथेच ठेवला. हॉलच्या पंतोजींनी केलं होतं तेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. फरारबाई चौतीस वर्षं शिकवत राहिली आणि १८६२ च्या जानेवारीत नगरलाच वारली.

आता एक शेवटचं जोडपं, आपल्यातलंच. याच मिशनच्या भायखळ्याच्या देवळात १० फेब्रुवारी १८९५ ला कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न विचारता. लक्ष्मीबाई तेव्हा पंढरपूर-नाशिककडे माहेरच्या माणसांत, पदरी लहान मुलगा. सेलमच्या त्या तीन मुली नवऱ्यामागून निघाल्या तशा त्या निघाल्या नाहीत. रडल्या, आजारी पडल्या, पण धर्म सोडला नाही. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेल्या त्याही आपली चूल आणि आपलं सोवळं सांभाळूनच. जातपात माणसाने केलेली आहे, हे स्वतःला पटलं तेव्हा एकेक सोवळं आपल्या हाताने सोडलं, आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. पाच वर्षं नवरा वाट पाहत होता, हेही सांगायला हवं. ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचलं नसेल तर वाचनालयातून आजच आणा. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला.

टिळकांनी येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत त्या कधीच गेल्या नव्हत्या. अक्षरओळख टिळकांनी घरी करून दिली तेवढीच.